डाव्या हाताची रेघ

सोमवारी सकाळी सरळभाऊंना दात घासता येईनात. ब्रश हातात होता, ब्रशवर पेस्ट होती, तोंडही उघडलेलं होतं. पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती आणि मनगट ब्रश फिरवायला तयार नव्हतं. शेवटी त्यांनी ब्रश एका जागी धरला आणि मान डावीउजवीकडे हलवून दात घासले. बायको बाथरूमच्या दारात उभी राहून हे बघत होती. ती शाळेत गणित शिकवायची. उत्तर बरोबर पण रीत चुकीची, हा प्रकार तिला लांबूनही ओळखू यायचा.

"अहो, ब्रश हलवतात. डोकं नाही."

"हात हलत नाहीये."

"मग आज डॉक्टरकडे जायचं."

"आज जमणार नाही. शीट संपवायची आहे."

"तुमची शीट पंधरा वर्षं रोज आजच संपतेय," असं म्हणून तिने त्यांच्या शर्टाची बटणं लावायला घेतली. सात बटणं होती आणि तिची शाळा पावणेआठची होती, त्यामुळे तिसऱ्यापासून पुढची सगळी एक घर खाली लागली.

सरळभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते जमीन मोजणीच्या कचेरीत आरेखक होते. जुन्या कागदी नकाशांच्या शीट स्कॅन करून संगणकावर यायच्या आणि त्यांच्यावरून शहरातल्या एकेका प्लॉटची हद्द गिरवून काढायची, हे त्यांचं गेल्या पंधरा वर्षांचं काम. प्लॉटचा एक कोपरा, क्लिक. दुसरा कोपरा, क्लिक. चार कोपरे झाले की पुढचा प्लॉट. दिवसाला साधारण चार हजार क्लिक होतात, हे त्यांनी एकदा मोजून पाहिलं होतं आणि मोजल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला होता. इतक्या वर्षांत त्यांची एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. बोलणंही तसंच, पट्टी लावून मारल्यासारखं. म्हणून सगळी कचेरी त्यांना सरळभाऊ म्हणायची.

बाहेरच्या खोलीत आई पेपर वाचत बसली होती. तिने लेकाचा लोंबता हात पाहिला.

"नुसतं बसून हात कसा दुखतो रे? मी चाळीस वर्षं विहिरीचं पाणी ओढलं. तू काय ओढतोस?"

"रेघा ओढतो."

"त्या उंदरावर हात ठेवून?"

मागे कधीतरी आईला माउस म्हणजे काय ते त्यांनी हौसेने समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्या नोकरीबद्दलचा तिचा आदर जो उतरला तो उतरलाच.

संध्याकाळी दवाखान्यात जावंच लागलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. सरळभाऊंकडे त्या बघत नव्हत्या, कारण त्यांना समोरच्या पडद्यावर सरळभाऊंची माहिती भरायची होती. कधीपासून दुखतंय, टकटक टकटक. रात्री जाग येते का, टकटक. बोटांना मुंग्या येतात का, टकटक टकटक. पंधरा मिनिटांनी त्यांनी मान वळवली आणि मनगटावर एका जागी अंगठा दाबला. सरळभाऊ खुर्चीतून वीतभर वर गेले.

"एकच हालचाल हजारो वेळा झाली की आतली नस दाबली जाते. सहा आठवडे हा हात वापरायचा नाही. पट्टा चोवीस तास बांधून ठेवायचा. काम काय करता?"

"हेच. आत्ता तुम्ही करताय ते."

डॉक्टरबाईंनी कीबोर्डवरचे हात हळूच उचलून मांडीवर घेतले. पण अजून दोन रकाने भरायचे राहिले होते, म्हणून परत वर ठेवले.

पट्टा काळा होता, आत पत्र्याची पट्टी होती आणि तो दिसायचा मोठा झोकदार. दुसऱ्या दिवशी कचेरीत पाऊल टाकल्यापासून सरळभाऊंचा छळ सुरू झाला. पट्टा बघून जो तो थांबायचा आणि विचारायचा, काय झालं. संगणकामुळे दुखतंय म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. मग तो आपल्या मेहुण्याच्या मनगटाचा विषय काढायचा. एकाने गरम पाण्यात हात बुडवायला सांगितलं, दुसऱ्याने बर्फ. टपालाच्या बाईंनी हात उशाशी उंच टांगून झोपायचा सल्ला दिला आणि तो कसा टांगायचा हे दोरी आणून दाखवलं. लेखापाल नुसते हसले आणि म्हणाले, "आम्हीही दिवसभर संगणकावरच असतो." या वाक्याचा अर्थ सरळभाऊंना नीट कळला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

नवव्या माणसाला, लिफ्टमध्ये, त्यांनी आयुष्यातली पहिली थाप मारली. "सायकलवरून पडलो," ते म्हणाले.

"अरे बापरे," तो माणूस कळवळला. "फार लागलं का? थांबा थांबा, तुमची बॅग मी घेतो."

खरं दुखणं आठ जणांना सांगून जे मिळालं नव्हतं ते एका खोट्या सायकलीने मिळवून दिलं. मग दुपारपर्यंत सरळभाऊ आणखी चौघांसमोर त्याच सायकलवरून पडले. प्रत्येक वेळी थोड्या जास्त उंचीवरून.

रजेचा अर्ज संगणकावरूनच करायचा असे. चौदा रकाने होते आणि प्रत्येकात यादी उघडून योग्य ओळीवर क्लिक करायचं होतं. सरळभाऊंनी डाव्या हाताने सुरुवात केली. बाणाला उजवीकडे न्यावं तर तो डावीकडे जायचा, आणि थांबवावा तर तरातरा पुढे. अकराव्या रकान्यापर्यंत पोचायला त्यांना वीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात पडद्यावर सूचना आली: आपण बराच वेळ काहीही न केल्यामुळे आपला अर्ज बंद करण्यात आला आहे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा अर्ज गेला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, कामामुळे झालेला विकार.

तासाभरात साहेबांनी बोलावलं. साहेब सज्जन होते, पण कागदाबाहेरचं जग त्यांना मान्य नसे.

"अर्जात तुम्ही लिहिलंय, कामामुळे. सगळी कचेरी सांगतेय, सायकलमुळे. यातलं काय धरू?"

"काम धरा. सायकलचं मी उगाच सांगितलं."

"तुमच्याकडे सायकल आहे का?"

"नाही."

"मग पडलात कशावरून?"

"पडलोच नाही, साहेब."

"बघा, म्हणजे अपघात नाही. अपघात नाही, तर सहा आठवडे रजा कशाची देऊ? वर कुणी विचारलं तर काय सांगू, माणूस खुर्चीत बसला होता आणि त्याला इजा झाली?" साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. "महिनाअखेरपर्यंत शीट पाठवायच्यात. देवाने दोन हात दिलेत ते कशासाठी? काही दिवस डाव्याने काढा."

सरळभाऊ जागेवर येऊन बसले. इतकी वर्षं खरं बोलून जमवलेलं सगळं पुण्य एका सायकलीने नेलं होतं.

गुरुवारी काउंटरवर एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांना घराबाहेरच्या जिन्यावर पत्र्याची शेड घालायची होती आणि त्यासाठी प्लॉटच्या नकाशाची शिक्क्याची प्रत हवी होती. ती हद्द गिरवायची राहिली होती. सरळभाऊ डाव्या हाताने कोपऱ्यांमागे धावू लागले. हेडमास्तर काउंटरवर कोपरं टेकून उभे राहिले, परीक्षेच्या वर्गात उभं राहावं तसे.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"होतंय."

दोन मिनिटांनी परत, "झालं का?"

असं पाचव्यांदा विचारलं तेव्हा सरळभाऊ चौथ्या कोपऱ्यावर होते. त्यांचा डावा हात दचकला, बाण घसरला आणि क्लिक झालं. त्यांना वाटलं, झालं बरोबर. त्यांनी प्रत छापली आणि खाली सही केली, डाव्या हाताने. सही बघून हेडमास्तरांच्या भुवया वर गेल्या. कोळी शाईत पडून, घाबरून कागदावरून पळून गेला असावा, तशी ती होती.

शनिवारी हेडमास्तर परत आले. या वेळी त्यांच्याबरोबर शेजारच्या चष्मेवाल्या बाई होत्या. बाईंचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांच्या गळ्यात साखळीला अडकवलेले दोन चष्मे होते.

"हा काय प्रकार आहे?" हेडमास्तरांनी प्रत काउंटरवर आपटली. "या नकाशात माझा जिना माझ्या हद्दीबाहेर आहे. सव्वा मीटर यांच्या जागेत. म्हणजे मला माझ्याच घरात वर जायचं तर मी यांची परवानगी घ्यायची?"

सरळभाऊंनी नकाशा पाहिला. चौथा कोपरा सव्वा मीटर सरकला होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"चूक झाली," ते सरळ म्हणाले. "माझा हात घसरला. आत्ता दुरुस्त करून देतो."

"दुरुस्त कशाला?" बाई म्हणाल्या. "यावर शिक्का आहे."

"बाई, यांनी तुम्हाला दाखवायला नको होतं," सरळभाऊंच्या तोंडून निघालं.

"दाखवलं कुठे? सकाळी गच्चीवरून मोठ्याने वाचत होते. मी ऐकलं."

हेडमास्तरांनी घसा खाकरला. "शिक्का असला तरी काय झालं? ही सही तरी यांची आहे का? पहिलीतला मुलगा यापेक्षा बरी करतो. ही प्रत बनावट आहे. मी तक्रार करणार."

बनावट हा शब्द आतपर्यंत गेला आणि साहेब बाहेर आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि ते विचारात पडले. सही खोटी म्हणावी, तर कचेरीतून बनावट नकाशे निघतात असं होणार आणि पोलिस येणार. सही खरी म्हणावी, तर रेघही खरी. साहेबांनी दोन संकटांतलं लहान निवडलं.

"सही आमच्या आरेखकांचीच आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "ते सायकलवरून पडलेत."

"हातावर की डोक्यावर?" हेडमास्तरांनी विचारलं.

सरळभाऊंनी डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, "सही खरी, तर नकाशा खरा. ज्याला खोटा वाटतो त्याने मोजणी मागावी." हेडमास्तरांनी तिथल्या तिथे मोजणी मागितली.

मंगळवारी मोजणीदार तिपाईवरचं यंत्र घेऊन जिन्यापाशी उभा राहिला. साहेबांच्या हुकमावरून सरळभाऊंनाही जावं लागलं. टेपचं एक टोक त्यांच्या डाव्या हातात आलं. रस्त्याच्या कडेला जुना हद्दीचा दगड होता, मागच्या बोळात दुसरा. मोजणीदाराने माप घेतलं, वहीत लिहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि परत माप घेतलं. तिसऱ्यांदा त्याने सरळभाऊंना टेप जरा ताणून धरायला सांगितलं. मग तो त्यांच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही म्हणालात चूक झाली."

"झालीच आहे. कितीची निघाली?"

"चूक नाहीये. जिना बाईंच्याच जागेत आहे. सव्वा मीटर. तुमची रेघ अगदी बरोबर बसलीय."

हे हेडमास्तरांना सांगितल्यावर ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, आणि आपण कुणाच्या पायरीवर बसलोय हे लक्षात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. सरळभाऊंना त्यांची दया आली. बाई दोन चष्म्यांपैकी एक लावून जिन्याकडे बघत होत्या.

"जिना तुमचाच राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "मला काय करायचाय? माझ्या घरात तो जातही नाही. फक्त पहाटे साडेपाचला रेडिओ घेऊन त्याच्यावर बसायचं नाही. अकरा वर्षं माझ्या खिडकीखाली बसताय."

"बातम्या ऐकतो," हेडमास्तर म्हणाले.

"बातम्या सहाला लागतात."

"हो. साडेपाचपासून स्टेशन शोधतो."

बाईंनी चष्मा काढला. हेडमास्तरांनी थोडा वेळ पायरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत बसून ऐकेन." दोघांनी मोजणीदाराच्या कागदावर सह्या केल्या आणि भांडण मिटलं. सरळभाऊंना वाटलं, सुटलो.

पण यंत्र पेटीत भरता भरता मोजणीदार थांबला. "एक विचारू का? घसरलेली रेघ बरोबर निघाली, मग न घसरलेली कशी चुकली असती?"

सरळभाऊंच्याही डोक्यात तेच घोळत होतं. दोघे कचेरीत गेले आणि त्यांनी कपाटातून मूळ शीट काढली. कागद मधोमध दुमडलेला होता. स्कॅन करताना कुणी तो नीट सपाट केला नव्हता. तिथला कागदाचा पट्टा घडीत गडप झाला होता आणि त्याच्या पलीकडचं सगळं सव्वा मीटर सरकलं होतं. जिन्याचा प्लॉट घडीच्या पलीकडे होता. पलीकडे एकूण दोनशे चौसष्ट प्लॉट होते. त्यातले दोनशे त्रेसष्ट सरळभाऊंनी उजव्या हाताने, अतिशय काळजीपूर्वक, जसेच्या तसे चुकीचे काढले होते.

मोजणीदाराने दाराकडे पाहिलं. "मी अहवाल फक्त जिन्याचा देणार आहे. घडीचं मला कुणी विचारलेलं नाही. तुम्हालाही विचारलेलं नाही."

सरळभाऊ बराच वेळ घडीकडे बघत उभे राहिले. दोनशे त्रेसष्ट गुणिले चार. मनगटातून कळ निघून कोपरापर्यंत गेली. कागद परत दुमडून कपाटात ठेवला तर कुणाच्या बापालाही कळणार नव्हतं. कळलंच तर ते निवृत्त झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटाला. त्यांनी कपाटाचं दार अर्धं लावलं. मग त्यांच्या मनात आलं, उद्या असाच कुणीतरी आपल्याच घरात वर जायला परवानगी मागत फिरेल. त्यांनी दार उघडलं, शीट काखेत मारली आणि ते स्वतःवरच चरफडत साहेबांच्या खोलीत गेले.

संध्याकाळी बायको वह्या तपासत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"आणि हे साहेबांना तुम्ही आपणहून सांगितलंत?"

"सांगितलं."

"कुणी विचारलेलं नसताना?"

"हो."

"मग त्या हाताला कशाला दोष देता?" ती म्हणाली. "तुमचं हे तोंडाचं दुखणं आहे." पण मग उठून तिने त्यांचा पट्टा सोडला, मनगट आपल्या हातात घेतलं आणि ते हळूहळू चोळत, उरलेल्या वह्या डाव्या हाताने तपासल्या. त्यात दोन मुलांना उगाच जास्त गुण पडले.

आतून आईचा आवाज आला, "शेकायला पाणी ठेवू का रे?" उंदराचा उल्लेख नव्हता. सरळभाऊंना गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी आले. हातात लेखी आदेश होता आणि चेहऱ्यावर समाधान. "रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "तुमच्यावर अन्याय होत होता. वाचा."

सरळभाऊंनी वाचलं. आरेखक यांच्या उजव्या हातास सहा आठवडे विश्रांती मंजूर करण्यात येत आहे. तथापि त्यांच्या डाव्या हाताने काढलेली हद्द प्रत्यक्ष मोजणीत अचूक आढळून आल्याने, सदर शीटवरील उर्वरित दोनशे त्रेसष्ट प्लॉट त्याच हाताने नव्याने काढून महिनाअखेर सादर करावेत.

त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. अक्षरं तीच होती.

"साहेब, ती रेघ अचूक नव्हती. ती घसरली होती."

"मोजणीदाराच्या अहवालात अचूक म्हटलंय. तुम्ही त्याच्या वर आहात का?" साहेबांनी आदेशाच्या तळाशी बोट ठेवलं. "इथे पोच म्हणून सही करा."

"कुठल्या हाताने?"

साहेबांनी आदेश परत एकदा वाचला. उजवा हात आत्ताच विश्रांतीवर गेला होता. त्याच्याकडून सही घेतली तर आदेशाचा भंग झाला असता. डाव्याची सही एकदा बनावट ठरता ठरता वाचली होती. ते खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"याबाबत वरून मार्गदर्शन मागवतो," ते म्हणाले. "तोपर्यंत अंगठा द्या."

टपालाच्या बाईंनी शाईचा पॅड आणला. तेवीस वर्षं नोकरी झालेल्या सरळभाऊंनी आपला अंगठा पॅडवर टेकवला, कागदावर नेला आणि दाबला. ठसा जरासा तिरपा उठला. साहेबांनी कागद उजेडात धरून तो पाहिला.

"व्यवस्थित आलाय," ते म्हणाले. "बघा, डाव्या हाताला किती लवकर सवय होते."